सिंहासन सर्वांत शेवटी बदलते

सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी भंडारकवठे नावाचे गाव आहे. इ.स. ७५७ मध्ये बदामीचा चालुक्य राजा कीर्तिवर्मन दुसरा याने आपल्या सैन्याच्या तळावरून एक ताम्रपट दिला. भीमरथी नदीच्या उत्तर तीरावरील ज्या 'भंडारगविट्टगे' येथे हा तळ असल्याचे त्यात लिहिले आहे, ते ठिकाण म्हणजेच आजचे भंडारकवठे, असे अभ्यासकांनी ठरवले आहे. हे पत्रे पुढे कोलार जिल्ह्यातील वक्कलेरी गावी सापडले, म्हणून त्यांना वक्कलेरी ताम्रपट म्हणतात. त्यांत कीर्तिवर्मनाची सगळी सम्राटपदे यथास्थित आहेत, हर्षाला माघार घ्यायला लावणाऱ्या पुलकेशीचा अभिमानाने उल्लेख आहे आणि कांची जिंकणाऱ्या पित्याचे सविस्तर वर्णन आहे. केवळ हा एकच लेख हाती आला असता, तर चालुक्यांचे राज्य सुखरूप चालले आहे असेच कोणीही म्हटले असते.

परंतु गडहिंग्लज तालुक्यातील सामानगड येथे मिळालेला दुसरा एक ताम्रपट याहून जुना आहे. तो शके ६७५ चा, म्हणजे इ.स. ७५३-५४ चा असून राष्ट्रकूट दंतिदुर्गाने दिलेला आहे. भुवईही वक्र न करता आणि धारदार शस्त्रही न उचलता दंतिदुर्गाने 'वल्लभाला' म्हणजे चालुक्य राजाला जिंकले व राजाधिराज परमेश्वर हे पद मिळवले, असे त्यातील श्लोक सांगतो. कांची, केरळ, चोल, पांड्य आणि श्रीहर्ष यांना नमवणारी कर्नाटकाची सेना त्याने मूठभर सेवकांनिशी हरवली, असेही तेथे म्हटले आहे. ज्याचा पराभव इ.स. ७५३ मध्ये तांब्यावर कोरला गेला, तोच राजा ७५७ मध्ये भीमेच्या काठी सम्राट म्हणून दान देत होता. या दोन ताम्रपटांपैकी एक खोटा ठरवण्याची मला गरज वाटत नाही. राजवंश बदलण्याची क्रिया एका लढाईत, एका दिवसात उरकत नाही. ती बरीच आधी सुरू होते आणि बरीच नंतर संपते, हे या चार वर्षांच्या अंतरातून कळते.

दख्खनमध्ये हे चालले होते त्याच सुमारास जगाच्या फार मोठ्या पट्ट्यात अशाच घटना घडत होत्या. इ.स. ७५० मध्ये दमास्कसच्या उमय्या खलिफांचे राज्य बुडाले आणि अब्बासी आले. ७५१ मध्ये फ्रँक लोकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) पेपिनने मेरोव्हिंजियन घराण्याच्या शेवटच्या राजाला खाली उतरवले. त्याच्या थोडे आधी मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तुर्क खानांची सत्ता मोडून उइगुरांनी आपली उभारली होती. बंगालमध्ये याच सुमारास गोपाळापासून पाल वंश सुरू झाला. ७५५ च्या डिसेंबरात आन लुशान या सेनापतीने तांग सम्राटाविरुद्ध बंड पुकारले आणि चीन आठ वर्षे होरपळला. या सर्वांमागे एकच कारण शोधण्याचा मोह अनेकांना होतो, मलाही तो होतो. पण हवामान, रोगराई किंवा व्यापारी मार्ग यांपैकी कशातूनही फ्रँकांचे सोइसाँ आणि माळव्यातील उज्जयिनी या दोन्ही ठिकाणच्या घटनांचा उलगडा होत नाही. मला जे साम्य दिसते ते घडण्याच्या रीतीत आहे. बळ आधी सरहद्दीवरच्या माणसाकडे जाते, राजधानीला ते उशिरा कळते, आणि सिंहासन सर्वांत शेवटी बदलते. तेही जेव्हा त्या बळाला कोणीतरी अधिकाराचे नाव देते तेव्हाच.

दख्खनपासूनच पाहू. कीर्तिवर्मनाचा पिता विक्रमादित्य दुसरा याचे लक्ष दक्षिणेकडे होते. पल्लवांशी चालुक्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्याने तीनदा कांची जिंकल्याचे पट्टदकल येथील लेख सांगतो आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने बांधवलेले विरूपाक्षाचे मंदिर आजही तेथे उभे आहे. पण याच राजाच्या कारकिर्दीत खरे संकट उत्तरेकडून आले. सिंधमधील अरबांची फौज कच्छ, सौराष्ट्र आणि गुर्जर प्रदेश तुडवीत दक्षिण गुजरातेत उतरली. नवसारीजवळ तिला अडवले ते राजाने स्वतः नव्हे, तर लाट प्रदेश, म्हणजे दक्षिण गुजरात, सांभाळणाऱ्या चालुक्यांच्या शाखेतील पुलकेशीने. इ.स. ७३८-३९ चा त्याचा नवसारी ताम्रपट ही लढाई फार आवेशाने वर्णन करतो. दक्षिणापथात शिरू पाहणाऱ्या 'ताजिक', म्हणजे अरब, सेनेला परतवल्याबद्दल वल्लभ राजाने त्याला 'दक्षिणापथसाधार', 'अवनिजनाश्रय' अशी बिरुदे दिली. दक्षिणापथाचा आधारस्तंभ ही पदवी राजाने दुसऱ्याला द्यावी, यातच परिस्थिती स्पष्ट होते. सम्राट कांचीकडे पाहत असताना उत्तरेची सरहद्द मांडलिक आणि भाऊबंद सांभाळत होते, तेथेच लढण्याचा अनुभव, फौज आणि लौकिक जमा होत होता.

दंतिदुर्गाचे घराणे अशाच मांडलिकांपैकी होते. इ.स. ७४९ च्या मनोर ताम्रपटावरून (हे मनोर पालघर जिल्ह्यातले) उत्तर कोकण त्याच्या हाती आल्याचे दिसते. लाटेतील चालुक्य शाखेचा तोवर मागमूस उरला नव्हता. आणखी एक धागा घराण्यातलाच आहे. दंतिदुर्गाचा पिता इंद्र याने खेटक येथे, म्हणजे गुजरातेतील आजच्या खेडा या गावी, भर युद्धात चालुक्य राजकन्येला राक्षसविवाहाने आणले, असे पुढच्या पिढ्यांतील संजाण ताम्रपट सांगतो. म्हणजे ज्या वंशाला दंतिदुर्गाने दूर केले त्याचेच रक्त आईकडून त्याच्या अंगात होते. ही गोष्ट राष्ट्रकूटांनी लपवली नाही. उलट सव्वाशे वर्षांनंतरही ती गौरवाने कोरली. जुन्या वंशाशी नाते सांगणे आणि त्या वंशाला उखडणे या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने परस्परविरोधी नव्हत्या.

तरीही नाते पुरेसे नव्हते. मांडलिकाच्या मुलाने महाराजाधिराज म्हणवून घ्यायचे तर त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो, आणि दंतिदुर्गाने अक्षरशः तेच केले. उज्जयिनीला जाऊन त्याने हिरण्यगर्भ नावाचे महादान केले. मत्स्यपुराणात सांगितलेल्या सोळा महादानांपैकी हे एक. यात यजमान सोन्याच्या मोठ्या पात्रात शिरतो, गुडघ्यांत डोके घालून गर्भासारखा बसतो, पुरोहित त्याच्यावर गर्भाधानापासूनचे संस्कार करतात आणि तो बाहेर आला की नवजात बालकाप्रमाणे जातकर्म होते; मग ते सोने ब्राह्मणांत वाटले जाते. संजाण ताम्रपटाच्या म्हणण्याप्रमाणे या विधीच्या वेळी गुर्जरेश आदी राजांना द्वारपालाचे काम देण्यात आले होते. गुर्जर राजांचे कुळ 'प्रतीहार' म्हणवत असे आणि त्या शब्दाचा अर्थच द्वारपाल, त्यामुळे कवीला हा टोमणा फार आवडलेला दिसतो. मला त्यापेक्षा विधीचे स्थान महत्त्वाचे वाटते. हा समारंभ बदामीला किंवा वेरूळला झाला नाही. तो दुसऱ्याच्या नगरीत, पराभूत राजांच्या डोळ्यांदेखत झाला. नवा जन्म लोकांनी पाहिला पाहिजे, आणि पाहणारे लोक स्वतः राजे असले पाहिजेत, ही त्यामागची दृष्टी होती.

वेरूळला जाणारे बहुतेक जण कैलास लेणे पाहून दमतात आणि परततात. त्याच रांगेत थोडे पलीकडे, चढण चढून गेल्यावर पंधरा क्रमांकाचे दशावतार लेणे आहे. त्याच्या प्रांगणात अखंड कातळात कोरलेला एक मंडप आहे आणि त्या मंडपाच्या भिंतीवर दंतिदुर्गाच्या घराण्याचा लेख आहे. लेख अपुरा आहे, त्यावर तारीख नाही, आणि अक्षरे इतकी झिजली आहेत की ऊन तिरके पडले तरच ओळी डोळ्यांना सापडतात. दंतिदुर्गाने उज्जयिनीत केलेल्या महादानांचे वर्णन त्यात आहे. या भिंतीसमोर उभे राहिले की मनात येते ते असे: ज्याने एवढे मोठे साम्राज्य उलथवले, त्याला लढाईइतकेच दानाचेही वर्णन कोरून ठेवणे आवश्यक वाटले.

फ्रँकांच्या राज्यात हाच पेच वेगळ्या रीतीने सुटला. तेथे राजवाड्याचा कारभारी, ज्याला आपण पुढील काळच्या भाषेत पेशवा म्हणू, तोच खरा सत्ताधीश झाल्याला अनेक दशके लोटली होती. इ.स. ७३२ मध्ये प्वातिएजवळ अरबांना हरवणारा शार्ल मार्तेल हा असाच कारभारी होता. ७३७ मध्ये राजा वारला तेव्हा त्याने गादीवर कोणाला बसवलेही नाही, चार वर्षे गादी रिकामी ठेवून राज्य केले. पण राजा हे नाव त्याने घेतले नाही. त्याच्या संयमाचे कारण भीती असावी असे मला वाटते. शंभर वर्षांपूर्वी ग्रिमोआल्ड नावाच्या कारभाऱ्याने आपल्या मुलाला राजा करण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यात त्याचा जीव गेला होता. बळ असूनही नाव घेता येत नाही, याचे ते जिवंत उदाहरण होते.

शार्लचा मुलगा पेपिन याने ही अडचण प्रश्नाच्या रूपाने रोमला पाठवली. वुर्त्सबुर्गचा बिशप बुर्खार्ड आणि सँ-देनीचा फुलराद हे दोघे पोप झॅकरीकडे गेले. ज्याच्या हाती काहीच सत्ता नाही त्याने राजा म्हणवून घ्यावे हे योग्य आहे काय, असा तो प्रश्न होता. ज्याच्याकडे सत्ता आहे त्यालाच राजा म्हणणे बरे, असे उत्तर आल्याचे फ्रँकांची राजबखर सांगते. मग ७५१ मध्ये सोइसाँ येथे पेपिनला पवित्र तेलाचा अभिषेक झाला. फ्रँक राजाला असा अभिषेक त्यापूर्वी कधी झाला नव्हता. जुन्या राजाची, तिसऱ्या शिल्देरिकची, लांब केसांची खूण वस्तऱ्याने उतरवण्यात आली आणि त्याला मठात पाठवले. मेरोव्हिंजियन राजे पिढ्यान्‌पिढ्या केस वाढवीत. ते केस हेच त्यांचे राजचिन्ह होते. एका घराण्याचे राजेपण केसांत होते आणि दुसऱ्याने ते तेलात आणले.

शेवटच्या मेरोव्हिंजियन राजांची जी चित्रे आपल्या मनात आहेत, बैलगाडीतून फिरणारा, शिकवलेली उत्तरे पढणारा, एका लहानशा जहागिरीवर जगणारा दुबळा राजा, ती आइनहार्टने लिहिली, आणि आइनहार्ट हा पेपिनच्या मुलाच्या, शार्लमेनच्या, दरबारातला माणूस होता. राजवंश बदलला की जाणाऱ्याला निकामी ठरवण्याचे कामही येणाऱ्याला करावे लागते. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतही तसा एक श्लोक आहे. वराह हे चालुक्यांचे राजचिन्ह. दंतिदुर्गाचा चुलता पहिला कृष्ण याने लढाईची खाज सुटून अंगावर चालून येणाऱ्या 'महावराहाला' हरीण करून टाकले, असे कवी म्हणतो. कीर्तिवर्मनाचा निर्णायक पराभव या कृष्णाने केला, दंतिदुर्गाने नव्हे, ही गोष्ट याच श्लोकातून उघड होते. भंडारकवठ्याचा तळ म्हणजे हरीण होण्याआधीचा वराह.

पेपिनला मिळालेल्या उत्तराची किंमत पुढे चुकवावी लागली. ७५१ मध्येच इटलीतील लाँबार्ड लोकांचा राजा आइस्टुल्फ याने राव्हेना घेतले होते आणि पोपला रक्षणकर्ता हवा होता. ७५४ मध्ये पोप स्टीफन दुसरा आल्प्स ओलांडून आला, सँ-देनी येथे त्याने पेपिनला पुन्हा अभिषेक केला आणि त्याच्या दोन्ही मुलांनाही केला. मग पेपिनची फौज इटलीत उतरली. ज्याने अधिकाराला साक्ष दिली त्याचे देणे राहते, हे दंतिदुर्गाच्या सोन्याच्या वाटणीत जसे आहे तसेच इटलीच्या त्या मोहिमांतही आहे.

या सर्वांत मनाला सर्वाधिक चटका लावणारी हकीकत अब्बासी क्रांतीची आहे, कारण तिच्यात लोकांची आशा खरी होती. उमय्या राज्यात, विशेषतः पूर्वेकडे खोरासानमध्ये, इस्लाम स्वीकारलेल्या अरबेतर लोकांना बरोबरीची वागणूक नव्हती, आणि तेथे येऊन स्थायिक झालेले अरबही दमास्कसच्या कारभाराला कंटाळले होते. खलिफा हिशाम ७४३ मध्ये वारल्यावर दोन वर्षांच्या आतच तीन खलिफा झाले आणि गेले. सीरियातील फौजच आपसांत लढू लागली. अशा वेळी ७४७ च्या उन्हाळ्यात मर्वजवळच्या एका खेड्यात अबू मुस्लिम नावाच्या तरुणाने काळे झेंडे उभारले. त्याचा कुलवृत्तांत कोणालाच नीट ठाऊक नव्हता आणि तो सांगण्याची त्याने फिकीरही केली नाही. चळवळीची घोषणा होती 'प्रेषितांच्या घराण्यातील सर्वमान्य पुरुष'. त्या पुरुषाचे नाव कोणी उच्चारत नव्हते. प्रेषितांचे जावई अली यांच्या वंशजांना मानणाऱ्यांना वाटे की तो अलींचा वंशज असेल. इतरांना आणखी काही वाटे. नाव न सांगण्यातच सगळे एकत्र आले.

खोरासानचा वृद्ध सुभेदार नस्र इब्न सय्यार राखेखाली निखारे दिसत असल्याचा इशारा कवितेतून पाठवीत राहिला. मदत आली नाही. ७४९ च्या शरदात अब्बासी फौज इराकमधील कूफा शहरात पोहोचली. तेथे अबू सलमा हा चळवळीचा मुख्य कारभारी टाळाटाळ करीत होता, कारण त्याला अलींच्या वंशातील पुरुष हवा होता. खोरासानच्या सरदारांनी लपून राहिलेल्या अबुल अब्बासला शोधून काढले आणि त्याच्याशी एकनिष्ठतेची शपथ घेतली. कूफ्याच्या मशिदीत तो प्रवचन द्यायला उभा राहिला तेव्हा त्याला ताप होता. बोलता बोलता तो थकून बसला आणि उरलेले भाषण त्याचा चुलता दाऊद याने पूर्ण केले. इतक्या वर्षांची निनावी घोषणा त्या दिवशी एका आजारी माणसाच्या नावाने संपली, आणि ज्यांना दुसरे नाव हवे होते त्यांची फसवणूक झाली.

पुढे ७५० च्या जानेवारीत मोठ्या झाब नदीकाठी मरवान दुसरा हरला आणि त्याच वर्षी इजिप्तमध्ये मारला गेला. उमय्या घराण्यातील माणसांना शोधून शोधून मारण्यात आले. मेलेल्या खलिफांच्या कबरीही उकरल्या गेल्या, फक्त धर्मनिष्ठ म्हणून ख्याती असलेल्या दुसऱ्या उमरची कबर तेवढी वाचली. अबू सलमाला लगेच संपवले. अबू मुस्लिम पाच वर्षे टिकला. दुसरा अब्बासी खलिफा अल-मन्सूर याच्याविरुद्ध त्याचा चुलता उठला तेव्हा ते बंडही अबू मुस्लिमनेच मोडले. आणि काही महिन्यांत, ७५५ मध्ये, मन्सूरने त्याला भेटीला बोलावून तंबूत मारवले. टाळी वाजताच लपलेले शिपाई पुढे आले. प्रेत गालिच्यात गुंडाळले गेले आणि बाहेरच्या सैनिकांना पैसे वाटण्यात आले. एवढे मोठे राज्य उभे करणाऱ्याचा हा शेवट वाचताना मला संताप येतो, आणि तरी मन्सूरचे भय मला समजते: सरहद्दीवरचा सेनापती वंश बदलू शकतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? ७६२ मध्ये मन्सूरने बगदादची पायाभरणी केली आणि त्याच वर्षी अलींच्या वंशातील मुहम्मद 'नफ्स अझ-झकिया' याचे मदिनेतील बंड बुडवले.

त्या संहारातून अब्द अल-रहमान हा एक उमय्या तरुण निसटला. पाठलाग करणारे घोडेस्वार काठावर आले तेव्हा त्याने धाकट्या भावासह युफ्रेटिस नदीत उडी घेतली. काठावरच्यांनी अभय देऊ केले, भाऊ दमून मागे फिरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला. आईच्या बर्बर कुळाच्या आसऱ्याने उत्तर आफ्रिका ओलांडून ७५६ मध्ये तो कोर्दोबाचा अमीर झाला. पूर्वेत बुडालेला वंश पश्चिमेच्या टोकाला आणखी पावणेतीनशे वर्षे टिकला. दंतिदुर्गाच्या ताम्रपटानंतरचा कीर्तिवर्मन आणि हा अमीर, दोघांच्याही बाबतीत विजेत्याच्या लेखातले वर्ष हे हरणाऱ्याच्या शेवटाचे वर्ष नव्हते.

बंगालबद्दल थोडेच सांगता येते, पण जे आहे ते विलक्षण आहे. धर्मपालाचा खालिमपूर ताम्रपट म्हणतो की मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याची स्थिती, संपवण्यासाठी प्रकृतींनी गोपाळाच्या हाती लक्ष्मीचा हात दिला. काही जण यात निवडणूक पाहतात. ते मला पटत नाही. येथे प्रकृती म्हणजे बहुधा सरदार, मांडलिक आणि प्रमुख मंडळी. पण साक्षीदार म्हणून देव, पुराण किंवा पूर्वज न आणता प्रकृतींनाच आणावे, हे मात्र त्या काळच्या प्रशस्तींत वेगळे उठून दिसते.

या सर्वांच्या विरुद्ध टोकाला चीन आहे. तांग साम्राज्याने इ.स. ७४२ च्या सुमारास सरहद्दीवर ४ लाख ९० हजारांच्या आसपास सैन्य ठेवले होते आणि त्याचे सेनापती अधिकाधिक परदेशी वंशाचे होते. आन लुशानचा पिता सोग्दी आणि माता तुर्क. सम्राट शुआन्झोंगच्या मर्जीने तीन सरहद्द-सुभे एकाच वेळी त्याच्या हाती आले होते. ७५५ च्या डिसेंबरात तो आजच्या बीजिंगच्या परिसरातून निघाला, महिन्याभरात लुओयांग घेतले, तेथे यान नावाचा नवा राजवंश जाहीर केला आणि ७५६ च्या उन्हाळ्यात त्याच्या फौजा राजधानी चांगआनमध्ये शिरल्या. सम्राट पळाला, वाटेत मावेई येथे सैनिकांनी त्याची लाडकी यांग गुईफेई हिचा बळी मागितला आणि त्याला तो द्यावा लागला. दोन्ही राजधान्या, सैन्य, पदवी, सगळे आन लुशानकडे होते. दंतिदुर्गाकडे किंवा पेपिनकडे सुरुवातीला इतके नव्हते.

पण त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नव्हते. ७५७ च्या आरंभी त्याच्याच मुलाने त्याला मारवले, त्या मुलाला शी सिमिंग या सहकारी सेनापतीने, आणि शी सिमिंगला पुन्हा त्याच्या मुलाने. वंश नावालाही उभा राहिला नाही. इकडे युवराजाने लिंगवू येथे पित्याला न विचारता सम्राटपद घेतले होते. पळून गेलेल्या वृद्ध सम्राटाला बातमी उशिरा कळली, आणि त्याने राजमुद्रा पाठवून दिल्या. त्या मुद्रा पोहोचल्या म्हणून तांग टिकले, असे मी म्हणणार नाही, उइगुर घोडदळ नसते तर राजधान्या परत मिळाल्या नसत्या. पण मुद्रा देणारा कोणी होता, ही त्यांची जमेची बाजू होती.

टिकले ते मात्र नाव. ७५४-५५ च्या नोंदणीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसे होती, ७६४ मध्ये सुमारे १ कोटी ६९ लाख. एवढी माणसे मेली असे समजणे चूक आहे, जरी मृत्यू अगणित झाले. मोजणारी यंत्रणाच मोडली होती आणि अनेक सुभे हिशेब पाठवीनासे झाले होते. ईशान्येकडील सुभे बंडखोरांच्याच जुन्या सेनापतींकडे राहिले. उइगुरांना एकेका घोड्यामागे ४० थान रेशीम द्यावे लागे. ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने चांगआन घेऊन पंधरा दिवस ताब्यात ठेवले. तरीही तांग वंश ९०७ पर्यंत चालला. ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने राजा म्हणवावे काय, हा पेपिनचा प्रश्न चीनमध्ये कोणी विचारला नाही, म्हणून सत्ता सुभ्यांकडे आणि नाव चांगआनकडे, अशी वाटणी जवळजवळ दीडशे वर्षे चालली.

राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे चिन्ह मोडले, पण वल्लभ ही त्यांची पदवी स्वतःकडे घेतली. ७५७ मध्ये कीर्तिवर्मन भीमेकाठी ती मिरवत होता; शतकानंतर, इ.स. ८५१ च्या सुमारास, सुलैमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावे चालणारा वृत्तांत जगातील चार थोर राजे सांगतो: बगदादचा, चीनचा, रोमनांचा आणि 'बल्हरा'. हा बल्हरा म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराज. अरबांविषयी त्याच्याइतका स्नेह बाळगणारा राजा हिंदुस्थानात दुसरा नाही, असे तोच वृत्तांत म्हणतो.

हा स्नेह केवळ दरबारी नव्हता. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे मिळालेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजांनी संजाणचा सगळा प्रदेश एका ताजिक अधिकाऱ्याकडे सोपवला होता. त्याचे नाव तेथे 'मधुमती', म्हणजे मुहम्मद, असे दिले आहे. अवनिजनाश्रय पुलकेशीने ज्या ताजिकांना नवसारीला अडवले, त्यांच्यातलाच हा माणूस, नवसारीच्या दक्षिणेला असलेल्या प्रदेशावर राष्ट्रकूटांच्या नावाने अंमल करीत होता. त्याने दोन ओढ्यांवर विनामूल्य नावा सुरू केल्या, भात, कालवण आणि तूप फुकट मिळेल असे सत्र चालवले आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला राजाच्या संमतीने गाव इनाम दिले.